साखर शेवटी

फाइल एक्कावन्न मिनिटांची होती, तिथंच खरं तर संघदीपला शंका यायला पाहिजे होती. कार्मीनबाईंची फाइल बारा-तेरा मिनिटांच्या वर कधी जात नसे. पण सकाळचे दहा वाजले होते, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच म्हातारी झालेली. अशा वेळी माणूस आधी कामाला लागतो आणि शंका मागाहून काढतो. त्यानं खिडकी लोटून घेतली, हेडफोन चढवले आणि गोंदियातल्या रेलटोलीचा सगळा आवाज बाहेर ठेवला. आतमध्ये पोर्तो रिको सुरू झालं. आता हे पोर्तो रिको कुठं आणि गोंदिया कुठं! पण पोटाचा धंदा माणसाला कुठं नेऊन बसवील सांगता येत नाही. कोणीतरी कधीतरी म्हणालं की स्पॅनिश शिक, मरण नाही. हा नागपूरला राहून शिकला. आणि आता तिकडच्या बायामाणसांच्या व्हिडिओखाली इंग्रजी ओळी लिहीत गोंदियात एका खोलीत बसला होता. ओळींचा पहिला मसुदा मशीनच काढायचं. यानं त्यातले खडे निवडायचे, एवढंच.

कार्मीनबाई म्हणजे दोन्या कार्मीन. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई, म्हणून यानं मनातल्या मनात तिला कार्मीनबाई करून टाकलं होतं. डोंगरातल्या एका गावात घर, मागं केळीचा वाफा, ओट्यावर तीन पातेली, आणि वय असेल पंचाहत्तरच्या पुढं. ती गोडधोड करायची, तिचा नातू ते व्हिडिओत धरायचा. तेंब्लेके म्हणजे खोबऱ्याच्या दुधाची वडी, ताटलीत उलटी केली की थरथरते. कच्च्या पपईच्या फोडी दालचिनी घालून पाकात मुरवायच्या. तीळ भिजवून, वाटून, गाळून त्याचं गारेगार सरबत करायचं. एका झाडाची साल उकळून, आंबवून, फेस येईतो ठेवून एक पेय करायचं, ते बघताना संघदीपला सालेकसाकडच्या जंगलातल्या मोहाच्या वासाची आठवण व्हायची, जरी दोन्हींचा काही एक संबंध नव्हता. चार वर्षांत त्यानं असे दीडशेवर पदार्थ मांडले असतील आणि त्यातला एकही जिभेला लावला नव्हता. दालचिनी किती, लवंगा किती, आलं ठेचायचं की किसायचं, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः रोज मेसच्या डब्यातली पाणीदार डाळ. याला काय म्हणावं? त्याला मात्र त्याचं काही वाटत नसे. कार्मीनबाई "आता बघा हं, लेकरांनो" म्हणायची, तेव्हा त्या लेकरांत आपण आहोत असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. दिवसभरात त्याच्याशी इतकं सावकाश दुसरं कोणी बोलत नव्हतं.

आज आर्रोस कॉन दुल्से होता, म्हणजे नाताळातला गोड भात. हा त्याचा सगळ्यात लाडका व्हिडिओ, कारण हा दरवर्षी नोव्हेंबरात यायचा आणि यात भात होता. धानाच्या मुलखातल्या माणसाला भात दिसला की घरचं कोणी भेटल्यासारखं होतं. तांदूळ आधी भिजवायचा, आलं-लवंग-दालचिनीचं पाणी काढायचं, त्या पाण्यात नारळाचं दूध, मग तांदूळ, मंद आच. आणि शिजून पार मऊ झाला की साखर. मग ताटात पसरून थंड करायचा, वड्या पाडायच्या. साखरेपाशी आली की कार्मीनबाई दरवर्षी डाव वर करून दटावायची, एल आसूकार, अल फिनाल. साखर शेवटी. आधी घातली तर दाणा अडून बसतो, मग देव आला तरी शिजत नाही. हे वाक्य लिहिताना संघदीपला दरवेळी हसू यायचं, कारण त्याची माय, कुसुमबाई, गावी दवनीवाड्याला चुलीपाशी बसून हेच आणि याच दटावणीनं सांगायची. "साकर मांगून घालाव, बाबू. दाना अडते." दोन बाया, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि गोष्ट तीच. हे कोणाला तरी सांगावं असं त्याला चारही वर्षं वाटलं होतं. सांगायला कोणी नव्हतं.

तेराव्या मिनिटाला कार्मीनबाईनं तांदूळ घातला आणि लगेच, त्याच हातानं, साखर घातली. संघदीपचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. त्यानं मागं घेऊन पुन्हा पाहिलं. साखरच होती. पातेल्यात डाव फिरवत ती नारळाबद्दल काहीतरी सांगत होती, मग थांबली. पातेल्यात बघितलं, साखरेच्या बरणीकडं बघितलं, आणि कॅमेऱ्याकडं न बघता हळूच विचारलं, "साखर घातली का मी?" तिनं पुन्हा घातली. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा बरणीकडं हात नेला, मध्येच आवरला, आणि मग ती स्टुलावर बसली. नुसती बसली. बरणी मांडीत. केळीच्या पानांवर कुठूनतरी ऊन येत होतं, चूल फुसफुसत होती, आणि ती त्या बरणीकडं एखाद्या अनोळखी वस्तूकडं बघावं तसं बघत होती. एक मिनिट. दोन मिनिटं. संघदीपला वाटलं आता कोणीतरी बोला रे बाबांनो. मग नातवाचा आवाज आला, प्रेमळच होता, पण थकलेला, "काही हरकत नाही आजी, पुन्हा पहिल्यापासून करू. हे कापून टाकतो मी." आणि ती म्हणाली, "हो, कापून टाक."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही न कापलेली फाइल चुकून आपल्याकडं आलेली आहे. आणि त्यामागोमाग आलं ते वाईट होतं. गेल्या दोन वर्षांतल्या व्हिडिओंत मध्येच डाव या हातातून त्या हातात जायचा, मध्येच ओट्यावरचा नारळ नाहीसा व्हायचा, सकाळचं ऊन एकदम दुपारचं व्हायचं. त्याला वाटे, पोराला नीट जोडता येत नाही. जोडता चांगलं येत होतं. तो आजीच्या विसरण्याचे तुकडे काढून टाकत होता आणि उरलेलं जगाला दाखवत होता. त्या उरलेल्यावर संघदीपनं जीव लावला होता. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली घरमालक नळाच्या पाण्यावरून कोणाला तरी हिंदीत झापत होता. तोंडात एकदम काहीतरी करकरलं, म्हणजे करकरलं काहीच नाही, तोंड रिकामं होतं, पण दातांना आठवण झाली. वैशाखी पौर्णिमेची खीर.

विहारात दरवर्षी त्या दिवशी खीरदान असतं, आणि दवनीवाड्याच्या विहारातली खीर कितीतरी वर्षं कुसुमबाईच्या हातची. सुजातेनं बुद्धाला दिलेली ती खीर, तेव्हा ती साधीसुधी होऊन कशी चालेल? घरचा चिन्नोर तांदूळ काढायची, आदल्या दिवशी एकेक दाणा निवडायची. संघदीप यंदा गेला नव्हता, फाइली होत्या. नेहमीसारखाच मायनं डबा पाठवला होता, शेजारच्या योगराजदादाच्या हाती. योगराज गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला, रोज मोटारसायकलनं ये-जा. डबा उघडल्यावर वास तर घमघमला, पण पहिला घास घेतला आणि दाण्यादाण्यातून कणी कचकचली. वरून गोड, आतून कोरडी. त्याला तेव्हा राग आला होता. काय राग यावा? असा की, माय आता मन लावत नाही. गॅसवर घाईघाईत उरकते. दोन घास खाऊन त्यानं डबा गल्लीतल्या गायीपुढं रिकामा केला आणि फोनवर म्हणाला, "माय, खीर एक नंबर झालती." ती पलीकडून म्हणाली, "हाव? बरी झालती न?" त्या विचारण्यात काहीतरी होतं. ते त्यानं ऐकलं होतं, आता तो नाकारू शकत नव्हता, ऐकलं होतं आणि पुढं सरकवलं होतं. ज्या बाईनं जन्मभर साखर शेवटी घातली तिच्या खिरीत कणी राहते, आणि पोटच्या पोराला, ज्यानं तेच वाक्य चार वर्षं इंग्रजीत लिहिलं, त्याला काही कळत नाही! इतका कसा बहिरा झाला होता तो?

मग एक सुटलं की दुसरं सुटत गेलं. तिचे फोन. दिवसाला तीन-तीन, कधी एकाच सकाळी तीन, आणि तिन्हीत तेच, "जेवलास का? धान कापाले आलं." तो चिडायचा, नंतर चिडायचंही सोडलं आणि एक युक्ती काढली. फोन स्पीकरवर ठेवायचा, आवाज बारीक करायचा, काम करत राहायचं, आणि मध्येमध्ये "हाव, हाव" म्हणायचं. तिला तेवढं पुरायचं, असा त्याचा समज. एकदा ती म्हणाली होती, "तुझ्या बाबाचा पांढरा शर्ट कुठी ठेवला रे?" बाबा, भोजराज, जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानं "हाव" म्हटलं होतं. नातवानं निदान कापायच्या आधी आजीला सांगितलं होतं. यानं न सांगता कापलं. तो उठला, माठातलं पाणी प्यायला, पुन्हा बसला. पडद्यावर कार्मीनबाई मांडीत बरणी घेऊन थांबलेली होती. तिला तसंच ठेवून त्यानं योगराजला फोन लावला.

मिलच्या घरघरीतून योगराज ओरडला, "बोल रे, साहेब! काऊन आज सकारीच?"

"दादा, माय कशी हाय?"

घरघर लांब गेली. योगराज बाहेर आला असणार. "चांगली हाय न."

"खरं सांग."

"मंग तू ये न. पाह्य न." योगराज म्हणाला. "तुले सांगू नोको म्हणलंन तिनं. शप्पथ घातलीन बाप्पा. आता का सांगू? दोन महिने झाले, आमची अल्का रोज संध्याकाळी जाते, गॅस पाह्यते. मांगं विहारात गेली अन् घरी याले वाटच नाही सापडली. त्याच गल्लीत उभी. इतवारी बुढा घेऊन आला तिले हात धरून."

"गावात सगळ्यायले माहीत हाय?"

"हाव."

"अन् मले नाही."

"तुले कसं माहीत होईल?" योगराज म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

कंपनीला त्यानं चुकीची फाइल आली आहे एवढं कळवलं, आणि काम अर्धं टाकून, जे त्यानं चार वर्षांत एकदाही केलं नव्हतं, दुपारची बस पकडली. गाडीत धानाच्या कापणीला निघालेल्या बाया होत्या, विळे पोत्यात गुंडाळलेले, बोलणं अर्धं पोवारी बोलीत अर्धं झाडीबोलीत, आणि हसणं इतकं मोकळं की ड्रायव्हरही मागं वळून हसत होता. संघदीप खिडकीशी आखडून बसला. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडून झुकलेलं, कुठं कापून आडवं घातलेलं, बांधावर पोरं नाहीत, बगळेच. त्याला वाटत होतं की आपल्याला दुःख होत आहे, पण नीट चाचपून पाहिलं तर ती भीती होती. माय विसरत चालली ही एक. आणि मायच्या आठवणीबाहेर आपण कुठंच कोणाचे नाही, ही दुसरी. त्याच्या लहानपणी त्याला गोवर निघाला होता तेव्हा कोणत्या कुशीवर तो झोपला होता, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते गेलं की गेलंच. स्वतःची लाज वाटली त्याला. मायचं होतंय आणि हा आपलं मोजतोय! पण लाज वाटली म्हणून भीती काही कमी झाली नाही. बायांपैकी एकीनं विचारलं, "कोनाचा रे तू?" तो म्हणाला, "कुसुमबाईचा." ती म्हणाली, "अंगनवाडीवालीचा? हां, हां!" आणि चिवड्याची पुडी पुढं केली.

कुसुमबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. त्याला पाहून तिचं सूप थांबलं. "काऊन रे? काम सुटलं का?"

"नाही. तुझ्या हातची खीर खावाशी वाटली."

"येवढ्यासाठी आला? येडा झाला का?" पण ती उठलीच. चालणं तेच, खटखट. पदर खोचलेला तसाच. त्याला क्षणभर वाटलं योगराज वाढवून सांगतो. ती सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, साठ लेकरांची खिचडी शिजवायची, आणि तिथली तिची एक शिस्त होती. जे जिन्नस घातलं त्याचं भांडं पालथं घालायचं, म्हणजे दुसरी बाई येऊन तेच पुन्हा घालत नाही. आज तिनं तसंच मांडलं. दुधाची गंजी, तांदळाची वाटी, विलायचीची पुडी, साखरेची वाटी, ओळीनं. तांदूळ घातला, वाटी पालथी. दूध घातलं, गंजी पालथी. किती हुशार! दुसरी बाई कोणी नव्हती. ती स्वतःच आता ती दुसरी बाई होती, आणि तिनं तिच्यापासून स्वयंपाक राखायची तजवीज केली होती. संघदीप भिंतीला टेकून, काही बघत नसल्यासारखा बघत राहिला. भात मऊ झाला. तिनं बोटांत दाबून पाहिला, साखर घातली, वाटी पालथी केली. त्यानं श्वास सोडला. मग ती विलायची कुटायला खलबत्ता घ्यायला वळली, वळून आली, आणि पालथ्या वाटीकडं बघत उभी राहिली. वाटी पालथी का आहे हेच तिला आठवेना. तिनं ती उचलली, आतून पदरानं पुसली, सुलटी ठेवली आणि डब्यातून साखर भरली.

बोलावं की बोलू नये? गोड खीर खाता येते, दुप्पट गोडही खाता येते; वर "एक नंबर" म्हणायला त्याचं काही जात नव्हतं, तसं तो म्हणत आलेलाच होता. तिची वाटी पातेल्यावर आली.

"घातली, माय," तो म्हणाला. "साकर घातली तू."

तिचा हात थांबला. मग ती भडकली. "मले शिकवते! साठ लेकरायचं शिजवलं मी, तू का सांगतं मले?" आणि वाटी आपटली, साखर ओट्यावर सांडली. ती सांडलेली साखर तिनं बोटांनी गोळा करायला घेतली, करता करता हात मंद झाला. "योगराजनं सांगतलंन?"

"हाव."

"मले वाटलंच." ती पाटावर बसली. गॅस त्यानं उठून बंद केला. "आता तू मले गोंदियाले नेशील."

"दवाखान्यात दाखवू न."

"दवाखान्यात ने. पन राहाले नोको नेऊ, बाबू." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "म्हणून सांगतलं नाही तुले. इथं मी वाट चुकली तं कोनीबी हात धरून घरी आनून सोडते. सगळ्यायले माहीत हाय कुसुमबाईचं घर कोनतं. तिथं गोंदियात कोन सोडंल मले?"

त्याला रेलटोलीतली आपली गल्ली दिसली. जिना, मीटरांची पेटी, समोरचं बंद शटर. बारा वर्षं त्या शहरात काढली होती. आपणच उद्या वाट चुकून चौकात उभे राहिलो तर? घरमालकाला त्याचं आडनाव ठाऊक होतं, मेसवाल्याला खोली. हात धरून आणून सोडणारं माणूस त्याच्या डोळ्यांपुढं एकही आलं नाही, कितीही ताणून पाहिलं तरी. तिच्यापाशी अख्खं गाव होतं. माय बिचारी आपल्या भीतीचं सांगत होती, आणि पोराला त्यात स्वतःचीच सारी जिनगानी ऐकू आली.

"मी नाही नेत तुले," तो म्हणाला. "मीच येतो इकडं. इथं नेट येते, काम होते माझं." हे बसमध्ये ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर कळलं की खरं आहे.

तिनं तोंड वर केलं. "राहाले?"

"हाव. राहाले."

"माय वो!" ती म्हणाली, आणि तिचं तोंड असं काही उजळलं की त्याला बघवेना. लगेच उठली. मागच्या खोलीतली बाज काढायची, गोधडी उन्हात घालायची, आणि अल्काला सांगून येते म्हणून चप्पलही न घालता शेजारी गेली. तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, "संघदीप आला माहा! राहाले आला!" अल्का काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. तो ओट्यावरची साखर पुसत होता.

परत आली तेव्हा ती दारातच थबकली. त्याला बघून आधी दचकली, मग हरखली. "अगा बाबू! तू कवा आलास? किती दिवसाची सुट्टी हाय?"

आत्ताच तर सांगितलं, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं. गिळायला वेळ लागला. "सुट्टी नाही, माय. राहाले आलो."

"राहाले?" आणि तेच तोंड, तसंच, मघाइतकंच उजळलं. काही उणं नव्हतं त्यात, उसनं नव्हतं. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. ती पुन्हा बाजेचं बोलली, गोधडीचं बोलली, पुन्हा अल्काकडं निघाली, तेव्हा त्यानं तिला जाऊ दिलं. ओट्याशेजारच्या पाटावर बसून तो खीर खाऊ लागला. दाणा मऊ होता. बारा वर्षांत कोणत्याही दारातून आत शिरताना कोणी त्याच्याकडं असं पाहिलं नव्हतं, आणि आता ते दिवसातून कितीदा बघायला मिळणार होतं याला सुमार नव्हता. अंगणात पावलं वाजली. ती आत आली, दारात थांबली.

"अगा बाबू! कवा आलास?"

"आत्ताच," तो म्हणाला, आणि वाटी खाली ठेवून उठला. "राहाले आलो, माय."